सील शाबूत आहे

लोणखेड्याच्या शिवारात केळीचा बाग वर्षभर उघड्यावर उभा असतो. त्याला दार नाही, भिंत नाही, कडीकोयंडा नाही. बांधावर बाभळीच्या चार फांद्या टाकलेल्या असतात, त्या गुरांसाठी. शेतकऱ्याची रात्रीची झोप उडते ती विहिरीवरच्या मोटारीपायी आणि तांब्याच्या केबलीपायी. चोर येतो तो केबल न्यायला. केळीच्या घडाकडे तो ढुंकूनही बघत नाही. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन ओल्या सरीतून अंधारात पळायचं म्हणजे ती चोरी राहत नाही, मजुरी होते. आणि मजुरीच करायची तर ती दिवसा केलेली काय वाईट? निदान चहा तरी मिळतो.

अशी ही वर्षभर वाऱ्यावर सोडलेली केळी एका सकाळी कापली जाते. घडाच्या फण्या होतात, फण्या पाण्यात धुतल्या जातात, निवडून-पुसून खोक्यांत बसतात आणि खोकी चाळीस फुटी एसी कंटेनरात चढतात. आखाती देशांत जायचं म्हटल्यावर तिचा रुबाबच बदलतो. काल जिच्या मुळाशी रानडुक्कर बिनघोर लोळून गेलं, तिला आज हाय सिक्युरिटी लागते.

कंटेनर गावात येणं हे आमच्याकडे अजून प्रेक्षणीय आहे. शहाद्याला खेटून असलेलं गाव, ऊस-कापसाच्या गाड्यांची सवय असलेलं. पण उसाची बैलगाडी आणि हा पांढरा पेटारा यांत फरक पडतोच. पुढे मोटारसायकलवर एक पोरगं वाट दाखवायला. मागे ड्रायव्हर, बहुधा उत्तर प्रदेशाकडचा, खिडकीतून मुंडकं काढून विजेच्या तारांकडे बघत. लग्नसराई असली तर रस्त्यात मांडवाची कमान आडवी येते. मग नवरदेवाचा मामा आणि ड्रायव्हर यांच्यात आधी वाटाघाटी, नंतर जेवणाचा आग्रह, आणि शेवटी कमानीचा एक खांब तात्पुरता सरकवून परराष्ट्र व्यापाराला वाट करून देणं, असा क्रम लागतो. पेटाऱ्यात तेरा-चौदा अंश, बाहेर खानदेशातलं चाळीस-बेचाळीस. त्यामुळे एरवी अंग चोरणारी पोरंही उन्हाळ्यात खोकी रचायचं काम मागून घेतात आणि रचताना फार काळजीपूर्वक, सावकाश रचतात.

माल भरून झाला, दारं लागली, की ड्रायव्हर केबिनमधून एक छोटा लिफाफा काढतो. रिकामा कंटेनर बंदराजवळच्या यार्डातून निघतानाच जहाज कंपनीनं तो त्याच्या हाती दिलेला असतो. लिफाफ्यात सील. करंगळीएवढी जाड पोलादी पिन, तिला गोल डोकं, आणि सोबत अंगठ्याएवढं नळकांडं, वरून रंगीत प्लास्टिक चढवलेलं. दोन्ही भागांवर एकच नंबर. उजव्या दाराच्या कडीतून पिन खाली सोडायची, खालून नळकांडं दाबायचं, खट्ट असा आवाज येतो, आणि संपलं. ट्रान्सपोर्टवाले याला बॉटल सील म्हणतात, कोणी ओटीएल म्हणतात. एकदाच लागणारं कुलूप.

गावातले एक आबा हे सगळं बारकाईनं बघत होते. त्यांनी विचारलं, "हाई काय शे रे भाऊ?"

"कुलूप शे, आबा."

"चाबी कोनाकडे शे?"

"चाबी ऱ्हास नही येले."

"मंग तठे उघाडतीन कसं?"

"कापीसन."

आबांनी विडी काढली, पेटवली नाही. "कापीसनच उघाडानं, ते कुलूप लावानं कसाले?"

"कापं ते समजाले पाहिजे ना, आबा."

"कोनी कापं, ते समजस?"

"नही. कापं, येवढंच समजस."

आबांनी विडी पेटवली. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं या विषयावर जे पुस्तक काढलंय, त्याचं नाव आयएसओ १७७१२. त्याची एक आवृत्ती २०१३ ची. त्यात कागद पुष्कळ आहे, पण सार आबांनी काढलं त्याहून फार वेगळं नाही. त्या मानकात सीलच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली नुसतं दाखवणारी, दुसरी थोडीफार अडवणारी, तिसरी म्हणजे इंग्रजी एच अक्षराची, हाय सिक्युरिटीवाली. या तिसरीनं ओढीच्या परीक्षेत दहा किलोन्यूटन सोसले पाहिजेत, म्हणजे ढोबळमानानं एक टन वजन लोंबकळलं तरी निसटता कामा नये. हे वाचून छाती फुगते. मग पुढचं वाक्य येतं: हे सील काढायला चांगल्या प्रतीचा बोल्ट कटर लागतो. चांगल्या प्रतीचा बोल्ट कटर मिळतो कुठे, तर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात. चोरानं हलक्या प्रतीचा कटर आणला तर मात्र त्याची पंचाईत आहे. दर्जाबाबत तडजोड न करणाऱ्या चोरासमोर जगातल्या कुठल्याही समितीनं हात टेकलेले दिसतात.

म्हणजे सील हे गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर बसलेल्या म्हातारीसारखं आहे. ती चोराला अडवणार नाही. पण कोणीतरी येऊन गेलं एवढं सकाळी नक्की सांगेल. कोण, ते नाही सांगणार. नजर अधू झाली आहे.

चोरसुद्धा अभ्यास करतात, हे मात्र त्या म्हातारीला कोणी सांगितलेलं नसतं. सील असतं कडीत. कडी असते दांड्याच्या मुठीवर. मूठ बसवलेली असते रिव्हेटनं. अनुभवी चोर सीलला हातच लावत नाही. तो रिव्हेट काढतो, मूठ सीलसकट बाजूला करतो, माल काढतो आणि नवा रिव्हेट ठोकून वर रंगाचा हात फिरवतो. कोणी बिजागऱ्यांच्या बाजूनं अख्खं दारच उतरवतात. सील जागच्या जागी, नंबर जुळतो, प्लास्टिकला ओरखडा नाही. पेटारा दूरदेशी पोहोचतो, सगळे जमतात, सीलचा फोटो काढतात, बोल्ट कटरनं समारंभपूर्वक ते कापतात, आणि आत निम्मी हवा निघते. अणुबॉम्ब जिथे तयार झाला त्या अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत रॉजर जॉन्स्टन यांच्या गटानं वर्षानुवर्षं एकच उद्योग केला: तऱ्हतऱ्हेची सीलं आणायची आणि खूण न ठेवता उघडून दाखवायची. साधी हत्यारं, थोडा वेळ, आणि बहुतेक सगळी उघडली. सरकारी पगारावर इतकं निर्मळ सुख फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

म्हणून मग तपासणीची पद्धत निघाली. नुसतं सील बघायचं नाही. बघायचं, नंबर पडताळायचा, खाली ओढायचं आणि पिळून पाहायचं. इंग्रजीत या चौघांच्या आद्याक्षरांचा मंत्र केलेला आहे आणि तो गोदामांच्या भिंतींवर लावतात. शिवाय पेटाऱ्याची सात ठिकाणं ठोकून बघायची: पुढची भिंत, डावी, उजवी, तळ, छत, दारं आणि गाडीखालचा भाग. आमच्याकडे बैल विकत घेताना याहून जास्त ठिकाणं बघतात. दात बघतात, खूर बघतात, शेपूट ओढतात, चालवून बघतात, आणि शेवटी बैलापेक्षा विकणाऱ्याचं तोंड जास्त वेळ बघतात. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा बघणाऱ्या माणसाला तुम्ही कंटेनर तपासायला बसवलं तर तो रिव्हेटवरचा ताजा रंग दहा पावलांवरून ओळखेल, आणि वर कंटेनरचं वयही सांगेल.

व्यापाऱ्याच्या माणसानं सील पिळून वगैरे पाहिलं नाही. त्यानं फोटो काढला. आधी नुसत्या सीलचा, मग सील आणि दाराचा, मग सील, दार आणि स्वतःचा. हे तिन्ही फोटो ग्रुपवर गेले. ग्रुपवर अकरा अंगठे आले. आता पुढे काही झालं तर त्याच्या बाजूनं बोलायला अकरा अंगठे आहेत.

आणि खरी गोम इथेच आहे. हे पोलाद चोरासाठी ओतलेलं नाही, ते आम्हा सावांसाठी आहे. लोणखेड्याहून निघालेली गाडी दोंडाईचा, धुळे, नाशिक करत कसारा घाट उतरून न्हावाशेव्याला जाते. तिथून जहाज, पलीकडचं बंदर, पलीकडचा ट्रक, पलीकडचा व्यापारी. या वाटेवर जितके हात आहेत त्या प्रत्येकाला आयुष्यात एकच वाक्य म्हणायचं असतं: "माझ्याकडे होता तोवर शाबूत होता." सील हे या वाक्याचं पोलादी रूप आहे. ते शाबूत असलं की जहाज कंपनी सुटली, ट्रान्सपोर्टवाला सुटला, बंदर सुटलं. आत किती खोकी होती हे कंपनीनं मोजलेलंच नसतं. बिलावर तसं छापून दिलेलं असतं की, पाठवणारा म्हणतो इतका माल आहे. पाठवणारा म्हणतो! आम्ही काही म्हणत नाही.

ही हातचलाखी कंटेनरबरोबर आली असं कोणी समजू नये. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी व्हॅली रेल्वेनं सुरतेहून नंदुरबारवरून अमळनेरपर्यंत रूळ टाकले तेव्हापासून आमचा कापूस आणि धान्य सीलबंद डब्यांतून फिरलं आहे, आणि रेल्वेच्या पावतीवरही तोच सावध सूर असतो. डबा सीलबंद दिला, सीलबंद घेतला. मधल्या मधे पोतं हलकं झालं असेल तर तो तुमचा आणि तुमच्या प्रारब्धाचा प्रश्न.

त्याही मागे जायचं तर लोथल गाठावं लागतं. तिथल्या हडप्पाकालीन वखारीला केव्हातरी आग लागली आणि मालाच्या गाठोड्यांवर लावलेले मातीचे ठसे त्यात भाजून पक्के झाले, म्हणून आपल्याला मिळाले. एका बाजूला मुद्रेचा ठसा, पाठीमागे कापडाची, बोरूची, सुतळीची खूण. चार हजार वर्षांपूर्वीचा व्यापारीसुद्धा हेच म्हणत होता: मी बांधलं तेव्हा गाठ अशी होती. वखार जळाली, माल जळाला, पण सील शाबूत राहिलं. या धंद्याला याहून मोठा आदर्श सापडणार नाही.

कौटिल्यानं यात दंडाची भर घातली. अर्थशास्त्रात जकातीचा जो भाग आहे त्यात मालावर मुद्रा नसली तर दुप्पट शुल्क आणि मुद्रा खोटी असली तर आठपट दंड सांगितला आहे. यावरून दोन गोष्टी कळतात. त्या काळी मुद्रा होत्या, आणि त्या मुद्रांच्या नकला करणारे कारागीरही होते. शिवाय तेवढ्या संख्येनं असावेत की त्यांच्यासाठी दर ठरवून ठेवणं भाग पडलं.

मधल्या काळात कंटेनर आला. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्यानं 'आयडियल एक्स' या जहाजावर ५८ पेटारे चढवून अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. तोवर गोदीत माल सुटा उतरायचा, आणि उतरताना थोडाथोडा वाटेतच राहायचा. न्यूयॉर्कच्या गोदी कामगारांत तर गंमतीनं म्हणायचे की पगार म्हणजे ठरलेली रोजी अधिक घरी नेता येईल तेवढी स्कॉच. पेटाऱ्यानं ही गंमत संपवली. बाटली-दोन बाटल्यांचा किरकोळ व्यवसाय बसला. ज्याला चोरायचं आहे त्यानं आता अख्खा कंटेनरच चोरावा, असा दंडक पडला आणि चोरीत भांडवलदार शिरले. गरिबाच्या हातातला आणखी एक धंदा यंत्रानं घेतला, म्हणायचं.

आमच्या भागात सीलचं खरं राज्य बघायचं असेल तर कंटेनर सोडा आणि मार्च महिन्यात शाळेत जा. लोणखेडा हे शिक्षणाचं गाव. पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या संस्थांमुळे पंचक्रोशीतली पोरं इथे येतात, आणि परीक्षा म्हणजे काय ते गावाला ठाऊक आहे. दहावी-बारावीची प्रश्नपत्रिका ज्या बंदोबस्तात येते तो पाहून केळीला स्वतःची लाज वाटावी. सीलबंद पाकीट परिरक्षकाच्या ताब्यातून निघतं, केंद्रावर येतं, वर्गात येतं. तिथे पर्यवेक्षक ते हात उंच करून सगळ्यांना दाखवतात आणि दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेतात: पाकीट सीलबंद होतं. ज्या पोराला स्वतःचा बैठक क्रमांक त्या क्षणी आठवत नाही, घामानं ज्याच्या हातातला पेन निसटतो आहे, तो महाराष्ट्र शासनाच्या गोपनीयतेचा साक्षीदार म्हणून सही करतो. त्यानं काय बघितलेलं असतं? पाकीट बघितलेलंच नसतं. त्यानं आत बीजगणित आहे की भूमिती एवढाच विचार केलेला असतो.

आणि कुठल्या तरी वर्षी, कुठल्या तरी गावी, पहिल्या अर्ध्या तासात प्रश्नपत्रिका मोबाइलवर फिरू लागते. चौकशी होते. चौकशीत काय निघतं? सील शाबूत होतं. दोघांच्या सह्या आहेत. इथे मुठीचा रिव्हेट कोणता होता, हे ज्याचं त्यानं शोधावं.

निवडणुकीत तर सीलची भूक भागतच नाही. मतदान यंत्रांना सील, पेट्यांना सील, स्ट्राँगरूमला कुलूप आणि त्या कुलपाला सील. उमेदवारांच्या माणसांनाही आपापलं सील लावायची मुभा असते, म्हणून तेही लावतात. आणि इतकी सीलं लावून झाल्यावर सगळ्या पक्षांची पोरं दाराबाहेर सतरंज्या टाकून मतमोजणीपर्यंत मुक्काम ठोकतात. प्रचारात एकमेकांची गचांडी धरलेले कार्यकर्ते तिथे एकाच डब्यातली भाकरी आणि ठेचा खातात, रात्री एकमेकांच्या सतरंजीवर सरकतात. लोकशाहीत सलोखा वाढवायला सीलसारखं दुसरं साधन नाही.

सरकारनं कंटेनरच्या बाबतीत २०१७ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं. त्याआधी कारखान्यात निर्यातीचा माल भरताना अबकारी खात्याचा साहेब स्वतः हजर राहून सील लावायचा. साहेब यायचे म्हणजे साहेब केव्हा येणार, काय घेणार, आणि गेल्यावर कोणाची गाडी सोडायला जाणार, हे तीन प्रश्न आधी सुटावे लागत. सील हा चौथा. मग नियम आला की निर्यातदारानं परवानगी घ्यावी, आपलं सील आपणच लावावं, पण ते इलेक्ट्रॉनिक असावं, आत चिप असलेलं. बंदराच्या फाटकावर यंत्र त्याची चिप वाचतं आणि कोणी कापून जोडलं असेल तर यंत्राला कळतं. साहेबांचा चहा वाचला. त्याऐवजी आता नंबर, तारीख, वेळ पोर्टलवर भरायची असते, आणि पोर्टल नेमकं त्याच वेळी चहाला गेलेलं असतं.

इतक्या यंत्रणेत सगळ्यात नाजूक भाग कोणता, तर लिहिणारा हात. सीलवर आठ आहे आणि कागदावर तीन पडला, किंवा शून्याच्या जागी ओ हे इंग्रजी अक्षर टंकलं गेलं, की पेटारा अडला. सील शाबूत, माल शाबूत, चोर घरी झोपलेला. पण कागद म्हणतो हे सील ते नव्हेच. मग दुरुस्तीपत्र, शिक्के, फोनाफोनी. केळी बिचारी तेरा अंशांत वाट बघते. तिला एवढंच ठाऊक की आपल्याला पिकायचं आहे, आणि दुरुस्तीपत्रासाठी पिकणं लांबवायची सोय निसर्गानं फार थोडी ठेवली आहे.

या सगळ्याच्या उलट टोकाला आंगडिया. सुरत आमच्यापासून फार लांब नाही, त्यामुळे हा प्राणी खानदेशाला परिचयाचा. हिरे, दागिने, रोकड एका गावाहून दुसऱ्या गावी नेणारा. त्याच्याकडे आयएसओ नाही, चिप नाही. कित्येकदा खूण म्हणून दहाच्या नोटेचा नंबर चालतो. इकडून नंबर सांगायचा, तिकडे ती नोट दाखवायची, रक्कम हाती. रिझर्व्ह बँकेनं दहा रुपयांच्या नोटेवर नंबर का छापले असतील याचं इतकं समाधानकारक उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही. हा धंदा कायद्याच्या कुठल्या बाजूला पडतो यावर वकिलांनी बोलावं. मी एवढंच बघतो की तिथे फसवलं तर माणूस पुन्हा त्या बाजारपेठेत उभा राहू शकत नाही, आणि इथे फसवलं तर नवा रिव्हेट मिळतो.

राहता राहिला ड्रायव्हर. संध्याकाळी लोणखेड्याहून निघताना त्याला मी विचारलं, एवढ्या रात्रीचा जाणार, वाटेत भीती नाही वाटत? त्यानं सीलकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. म्हणाला, धुळ्याच्या पुढे एक ठरलेला ढाबा आहे, तिथे गाडी लावायची ती मागची दारं भिंतीला चिकटवून. दारं उघडायलाच जागा नसली तर कापून काय उपयोग? भिंत नसली तर ओळखीच्या दुसऱ्या गाडीच्या पाठीला पाठ लावून दोघं झोपायचं. हे कुठल्या मानकात लिहिलं आहे का, असं मी विचारलं नाही. ढाबेवाल्याची मात्र तक्रार असते म्हणे. एसीच्या जनरेटरची घरघर रात्रभर चालते, गिऱ्हाइकांना झोप लागत नाही.

"मग?"

"मग काय साहब," तो स्टार्टर मारत म्हणाला, "अच्छा ही तो है. जागते रहेंगे."